मिशीखालची गळती

मास्कमधून हवा निसटायला लागली की आधी शिट्टी ऐकू येते. बारीक, एकसुरी, शेजारच्या फ्लॅटमध्ये कुणीतरी कुकर लावून बाहेर निघून गेल्यासारखी. मग तोच वारा डाव्या डोळ्यात शिरतो. माणूस झोपेतच पट्टा ओढतो, कूस बदलतो, नळी मानेखाली येते, शिट्टी थांबते आणि उजवीकडून सुरू होते. सकाळी उठल्यावर श्वासाच्या मशीनच्या छोट्या पडद्यावर मास्कच्या चित्राशेजारी एक लाल, रुसलेलं तोंड दिसतं. आरशातही त्याहून फार वेगळं काही दिसत नसे.

हे असं कित्येक महिने चाललं होतं. त्या काळात मी किती थकलो होतो हे आता सांगायला गेलो तर लोकांना मी तिखटमीठ लावतोय असं वाटतं. दात घासताना मी बेसिनला टेकून डोळे मिटत असे. लिफ्टमध्ये आरशाला कपाळ टेकत असे. बायको काही विचारायला लागली की तिचं वाक्य संपायच्या आत मी ‘थकलोय गं’ म्हणून मोकळा होत असे, आणि ते इतकं झालं होतं की पुढेपुढे ती माझ्या वतीने स्वतःच उत्तर द्यायची. ‘संध्याकाळी आईकडे जायचंय. थकलायस. बरं, मी एकटी जाते.’

तसा थकवा जुनाच होता. मी मूळचा हिंगणघाटचा. कॉम्प्युटरचा डिप्लोमा केलेल्या कुणालाही पुण्यात नोकरी लागते असं आमच्याकडे बोललं जायचं, त्या दिवसांत एक बॅग घेऊन इथे आलो. नोकरी खरंच लागली. हिंजवडीत तेव्हा ऑफिसच्या खिडकीतून ऊस दिसायचा आणि कंपनीची बस रिकाम्या रस्त्यावरून धावायची. माझं काम सपोर्टचं. अमेरिकेतल्या एका बँकेची सिस्टिम अडली की ती इथे बसून सुरू करून द्यायची. त्यांची सकाळ ती आमची संध्याकाळ, त्यामुळे वर्षानुवर्षं जेवण कॅन्टीनमध्ये आणि झोप जमेल तेव्हा. उसाच्या जागी काचेच्या इमारती आल्या, मला दिवसपाळी मिळाली, पोट आलं, शर्टाचं वरचं बटण लागेनासं झालं. थकवा आला तर तो कामाचा, रस्त्याचा, वयाचा. हिंजवडीत थकलेला माणूस वेगळा ओळखू येत नाही, कारण शेजारी न थकलेला कुणी उभाच नसतो.

आणि घोरण्याचं तर आमच्या घरात कौतुक होतं. बाबा जिनिंग फॅक्टरीत कापसाच्या गाड्या तोलून घ्यायचे. दिवसभर ओरडून घरी यायचे, जेवायचे, आणि झोपले की त्यांचं घोरणं गल्लीच्या तोंडापर्यंत ऐकू जायचं. आई अभिमानाने म्हणायची, कष्टाची झोप आहे. मी लग्नानंतर घोरायला लागलो तेव्हा मलाही आपण बापाच्या वळणावर गेलो याचं बरंच वाटलं होतं.

बायकोला नव्हतं वाटलं. ती नारायण पेठेतली. आमची ओळख पहिल्या कंपनीत झाली, त्यामुळे ती मला ‘अरे’ म्हणते. फक्त बाबा आले की तिचं ‘अहो’ सुरू होतं आणि दोन दिवस मला ती दुसऱ्याच कुणाशी बोलतेय असं वाटत राहतं. कमी शब्दांत बोलायची तिच्या माहेरची रीत आहे. वारज्याजवळ बायपासवर ऑफिसातून परत येताना, गाड्या मुंगीच्या पावलाने सरकत असताना, स्टिअरिंगवर माझा डोळा लागला आणि आमची गाडी पुढच्या टेम्पोला जाऊन धडकली. टेम्पोत गाद्या होत्या. कुणाला काही झालं नाही. ती शेजारीच बसली होती. टेम्पोवाला खाली उतरून शिव्या देत असताना ती गाद्यांकडे बघून म्हणाली, ‘झोपायला जागा तरी बरी निवडलीस.’

पण घरी आल्यावर तिने गाडीची किल्ली स्वतःच्या पर्समध्ये टाकली आणि पहिल्यांदाच मला नीट सांगितलं. घोरण्याचा तिला त्रास नव्हताच. घोरणं थांबलं की तिला जाग यायची. मी श्वास घ्यायचाच थांबायचो. ती उठून बसायची आणि पुढचा श्वास येईपर्यंत वाट बघायची. मग मी बुडता बुडता वर आल्यासारखा एक हुंदका द्यायचो आणि ती आडवी व्हायची. हे ती कित्येक वर्षं करत होती आणि मला पत्ताही नव्हता. ‘मला वाटायचं सांगितलं की तू अजून दमशील,’ ती म्हणाली. मी थकलोय असंही म्हणालो नाही.

तपासणी झाली. झोपेत माझा घसा मिटतो, हवा आत जात नाही, मेंदू घाबरून मला जागं करतो, आणि असं रात्रभर. म्हणजे मी वर्षानुवर्षं झोपलोच नव्हतो, नुसता आडवा होत होतो. डॉक्टरबाई नारायण पेठेतल्याच, पहिल्या मजल्यावर दवाखाना. त्यांनी शांतपणे सांगितलं की नाकावर मास्क लावून मशीनने हवा आत ढकलत ठेवली तर घसा उघडा राहील. नाही ठेवली तर एक दिवस रस्ता तरी दगा देईल नाहीतर हृदय. ‘आपल्याला कुठलं आधी हवंय ते मी सांगू शकत नाही,’ त्या म्हणाल्या. दवाखान्यातून बाहेर पडताना बायकोने माझा हात धरला. तो तिने बऱ्याच वर्षांत रस्त्यावर धरला नव्हता.

तेव्हा मास्क बसणं ही काही गमतीची गोष्ट नव्हती. पण तो बसेना.

नाकपुड्यांत घालायच्या दोन मऊ बोंडांचा एक प्रकार असतो, तो आणला. आतली कातडी सोलवटली. नाक आणि तोंड दोन्ही झाकणारा मोठा आणला. तो मी झोपेत उपटून फेकून द्यायचो आणि सकाळी तो पलंगाखाली सापडायचा. राहिला नाकावर बसणारा त्रिकोणी मास्क. तो नाकाच्या दांड्यावरून गालांवर आणि खाली वरच्या ओठावर टेकतो. संध्याकाळी बसून लावला की छान बसायचा. झोप लागली की गळायचा. मी पट्टे आवळले. गालांवर वळ उठले, नाकाच्या दांड्यावर जखम झाली. ऑफिसात टीममधल्या एका मुलीने माझ्या लाल डोळ्यांकडे बघून काळजीने विचारलं, ‘सर, काल फुल नाइट पार्टी का? आय मीन, नो जजमेंट.’ मी हो म्हणालो. ते जास्त सोपं होतं.

मग मी तो उद्योग केला जो आमच्या धंद्यातलाच माणूस करू शकतो. चालू सिस्टिममध्ये परवानगीशिवाय हात घालायचा नाही, हे मी नवीन आलेल्या प्रत्येक मुलाला पहिल्याच दिवशी सांगतो. एकदा एकाने असा हात घातला होता तेव्हा मी त्याला कॉन्फरन्स रूममध्ये बसवून तासभर झापलं होतं. आणि तोच मी इंटरनेटवर शोधत बसलो, दोन बटणं एकत्र दाबून धरली की डॉक्टरांसाठीचा लपवलेला मेनू उघडतो हे मला कळलं, आणि मी मशीनचं प्रेशर वाढवून टाकलं. हवा गळतेय ना, मग जास्त सोडू, म्हणजे गळून उरेल तेवढी पुरेल. आमच्या सोसायटीत पाइप फुटला की सेक्रेटरी पंप जास्त वेळ चालवायला सांगतात. त्यांना मी मीटिंगमध्ये हसायचो.

प्रेशर वाढल्यावर मास्क ओठावरून उचललाच जायला लागला. शिट्टीची पिपाणी झाली. जी हवा आत जायची ती फुप्फुसाऐवजी पोटात, सकाळी पोट नगाऱ्यासारखं. अमेरिकेच्या कॉलवर मला ढेकर आवरेनात. म्हणून मी प्रेशर खाली आणलं, तर घसा मिटायला लागला आणि बायकोचा पहारा पुन्हा सुरू झाला. पुन्हा वर. पुन्हा खाली. मधल्या मधे मी इतका दमलो की आपण मूळ आकडा काय होता तोच विसरलोय हेही माझ्या उशिरा लक्षात आलं. शेवटी बायकोने मशीन पिशवीत घातलं, मला रिक्षात घातलं, आणि दवाखान्यात नेलं.

डॉक्टरबाईंनी मशीन सुरू करून पडद्याकडे बघितलं.

‘हा आकडा मी दिला होता?’

‘नाही.’

‘मग दुसरे डॉक्टर केलेत का?’

‘नाही. मीच जरा...’

‘अच्छा. मग आज तपासणीची फी कुणी कुणाला द्यायची ते आधी ठरवू.’

बायको खिडकीबाहेर बघत होती. तिचे खांदे हलत होते.

डॉक्टरबाईंनी मला तपासणीच्या कॉटवर आडवं केलं. मास्क बसून लावायचा नाही, आडवं होऊन लावायचा, कारण आडवं झालं की गाल जागा सोडतात, एवढं साधं मला कुणी सांगितलं नव्हतं, किंवा सांगितलं होतं आणि मी तेव्हा पेंगत होतो. शिवाय मशीन सुरुवातीला हळू फुंकतं आणि झोप लागली की जोर वाढवतं. म्हणून जागेपणी सगळं ठीक वाटायचं. त्यांनी पट्टे सैल केले, मशीनला पहिल्यापासून पूर्ण जोर लावला, आणि मास्कच्या कडेकडेने बोट फिरवत गेल्या. नाक. गाल. दुसरा गाल. आणि वरच्या ओठावर येऊन बोट थांबलं.

‘आपली मिशी,’ त्या म्हणाल्या. ‘केसांवर रबर चिकटत नाही. आपण मिशी ठेवा किंवा झोप ठेवा. दोन्ही ठेवून द्यायचं मशीन अजून निघालेलं नाही.’

‘बारीक केली तर?’

‘खुंट वाढले की आणखी गळेल. पूर्ण काढावी लागेल, आणि रोज.’

मी कॉटवर तसाच पडून म्हणालो, ‘वडील आहेत.’

त्यांनी ओठावरचं बोट काढून घेतलं. मशीन बंद केलं, नळी गुंडाळली. ‘हो का,’ त्या म्हणाल्या. ‘मग बघा कसं करता.’

आमच्याकडे बाप असेपर्यंत मुलगा मिशी उतरवत नाही. उतरवतो ती एकदाच, आणि त्या दिवशी त्याचं तोंड बघून कुणाला काही विचारावं लागत नाही. माझा एक चुलतभाऊ नागपुरात शिकत होता. त्याने कॉलेजच्या नाटकासाठी मिशी काढली आणि तसाच एसटीने गावी आला. स्टँडवर उतरल्या उतरल्या ओळखीच्या एका म्हातारीने त्याला जवळ घेऊन गळा काढला. तो घरी पोचेपर्यंत दोन माणसं त्याच्यामागून मान खाली घालून चालायला लागली होती. काका अंगणात दाढी करत बसले होते. त्यांनी पोराकडे बघितलं, मागच्या माणसांकडे बघितलं, आणि पुढे वर्षभर पोराशी बोलले नाहीत. आम्ही तो किस्सा हसत सांगायचो. पण काकांची जिवंतपणी निघालेली ती मिरवणूक आठवली की हसू अर्ध्यावर राहायचं.

मी काही देवभोळा नाही. आम्ही राहतो त्या वारज्यात मला कुणी ओळखत नाही, हिंजवडीत तर मिशी असलेलेच मोजके. बायकोने घरी येताना रिक्षातच सुरुवात केली.

‘तुझ्या ऑफिसातल्या पोरांना मिशा नाहीत. त्यांचे सगळ्यांचे वडील गेलेत का?’

‘आमच्याकडे नाही चालत.’

‘माझ्या बाबांनी, काकांनी, भावाने जन्मात मिशी ठेवली नाही. आमच्याकडे सगळे जिवंत आहेत.’

‘ते तुमच्याकडे.’

‘आमच्याकडे म्हणजे पृथ्वीवरच ना?’

तिचं सगळं पटत होतं. तरी हात होत नव्हता. सकाळी दाढी करताना मी वस्तरा वरच्या ओठापर्यंत न्यायचो आणि मला एकदम बाबा दिसायचे, पांढरं बनियन घालून तोलकाट्याशेजारी उभे. मी वस्तरा खाली ठेवायचो. मिशीला जेल लावून बघितलं, चिकटपट्टी लावून बघितली. ती सकाळी ओढून काढताना माझ्या तोंडून जे शब्द निघाले ते ऐकून बायको म्हणाली, ‘वडील असेपर्यंत असलंही काही बोलत नसतील ना तुमच्याकडे?’

आणि अशातच बाबा पुण्याला आले, मोतीबिंदूच्या ऑपरेशनला. ते हिंगणघाटला धाकट्या भावाकडे असतात. पुण्यात डॉक्टर चांगले म्हणून मीच आग्रह धरला होता, तो मशीन येण्याच्या आधी. ऑपरेशन नीट पार पडलं. काळा चष्मा लावून ते हॉलमध्ये दिवाणावर पडून राहायचे आणि वाकायचं नाही, डोकं धुवायचं नाही या नियमांना कंटाळायचे. मशीन मी बेडरूमच्या कपाटात ठेवत होतो. आपला मुलगा रोज नाकाला नळी लावून झोपतो हे त्यांना कळू नये असं मला वाटत होतं. दार बंद केलं की झालं, अशी माझी समजूत.

दुसऱ्याच दिवशी सकाळी चहा पिता पिता त्यांनी सुनेला विचारलं, ‘रातभर कुकर काहून लावून ठेवता बाप्पा? गॅस संपून जाईन ना.’

बायकोने माझ्याकडे बघितलं. मी मान हलवून नको म्हणालो. ती पदर सारखा केल्यासारखी ओढणी सारखी करून म्हणाली, ‘बाबा, तो कुकर नाही. यांचा झोपेत श्वास अडकतो. मशीन आहे त्याचं. मास्क नीट बसत नाही म्हणून आवाज येतो. मिशी आड येते.’

इतकं सरळ. मला तिचा असा राग आला की मी कप तसाच ठेवून उठलो. चष्म्यामुळे बाबा कुठे बघतायत तेही कळत नव्हतं. थोड्या वेळाने त्यांनी नुसतं विचारलं, ‘मी घोरतो तसंच काय?’ त्यांचीही तपासणी करून घेऊ असं मी म्हणालो, तर त्यांनी ते हातानेच उडवून लावलं. ‘माह्यं झालं आता. तुयं सांग.’ मी सांगितलं, शक्य तितकं हलकं करून. मिशीबद्दल ना ते बोलले, ना मी.

रविवारी दुपारी जेवण झाल्यावर पेपर वाचता वाचता मी हॉलमधल्या सतरंजीवर आडवा झालो आणि तिथेच झोपलो. मास्क आत होता. उठलो तेव्हा बाबा बाल्कनीत पाठमोरे उभे होते. संध्याकाळी त्यांनी जेवणाला नको म्हटलं, पोट भरलंय म्हणाले. मला वाटलं औषधाने असेल.

बायकोने मला स्वयंपाकघरात बोलावून हळू आवाजात सांगितलं. ती दुपारी भांडी आवरून बाहेर आली तर बाबा माझ्याशेजारी जमिनीवर बसले होते. चष्मा काढून ठेवलेला. वाकायची मनाई असताना वाकलेले. दोन बोटं माझ्या नाकापुढे धरून. श्वास यायचा, बोटं काढायचे. घोरणं थांबलं की पुन्हा धरायचे. ती दारातच थांबली. ‘मी त्यांना उठवणार होते,’ ती म्हणाली, ‘पण मला माहीत आहे ना तिथे बसून काय होतं. नाही उठवलं.’ मग तिने गॅसकडे वळून दूध उतू जातंय का ते बघितलं. दूध ठेवलेलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ऑफिसची तयारी करत होतो तर बाबा पायजमा-शर्ट घालून, चष्मा लावून दारात उभे.

‘चाल. कटिंग करून येऊ.’

‘बाबा, तुम्हाला डोकं धुता येत नाही अजून.’

‘मले नाही करायची.’

मला कळलं. मी बसची वेळ झाल्याचं सांगितलं. ते चपला घालत होते. बायकोने माझ्या हातातली लॅपटॉपची बॅग काढून घेतली.

सोसायटीच्या खालीच कटिंग सलून आहे. चालवणारा माणूस इथल्याच जुन्या गावातला, वारजे खेडं होतं तेव्हाचा. मी खुर्चीत बसलो. दाढी झाली. मी वरच्या ओठाकडे बोट केलं आणि त्याने हात थांबवला. आवाज खाली आणून त्याने विचारलं, ‘वडील? कवा?’

‘मी आहो इथं,’ मागच्या बाकावरून बाबा म्हणाले. ‘काढ.’

त्याने आरशातून एकदा त्यांच्याकडे, एकदा माझ्याकडे बघितलं. ‘नाय बा,’ तो म्हणाला. ‘आजोबा, तुम्ही हाय तवर मी वस्तरा लावत नसतो. मला बी पोरगा हाय.’

‘बाप कोन आहे याचा? मी का तू?’

‘तुम्हीच की.’

‘मंग मी सांगून राहिलो ना.’

मी म्हणालो, ‘राहू द्या ना बाबा, होईल काहीतरी.’ आणि मला स्वतःचाच आवाज असा ऐकू आला, दमलेला, कुणीतरी दुसऱ्याने ठरवावं म्हणून वाट बघणारा. बाबा उठून खुर्चीशेजारी आले. माझ्या खांद्यावर हात ठेवला. गाड्या तोलून तोलून त्यांचा तळवा जाड झालाय, तो शर्टावरूनही कळतो.

‘काल हा झोपला होता,’ ते म्हणाले, मला नाही, त्या माणसाला सांगावं तसं. ‘दुपारची गोष्ट. याचा श्वास थांबे. मी म्हणो आता येईन, आता येईन. बापानं पोराच्या नाकापुढे बोट धरून बसाचं का? तू सांग. हे कोन्या शास्त्रात लिहून आहे?’

सलूनवाल्याने नवीन पातं लावलं, साबण लावायच्या आधी आरशाच्या वरच्या फोटोला हात जोडले, आणि काढली. वेळ असा लागलाच नाही. मी पैसे दिले तर त्याने दाढीचेच घेतले.

घरी येताना बाबा पुढे चालत होते. त्यांनी एकदाही मागे वळून बघितलं नाही. माझ्या ओठाला वारा लागत होता आणि मला उघडं पडल्यासारखं वाटत होतं. सोसायटीच्या गेटवर वॉचमन उभा राहिला, बाबांकडे बघून गोंधळला, आणि परत बसला. बायकोने दार उघडलं. ती काहीतरी बोलणार होती, तिच्या जिभेवर आलं होतं, मला दिसलं; पण बाबा आत गेले आणि तिने ते गिळलं.

मी ऑफिसला कळवून टाकलं की येत नाही. बेडरूममध्ये जाऊन आडवा झालो, आडवं होऊनच मास्क लावला, पट्टे सैल ठेवले, प्रेशर डॉक्टरबाईंनी परत लावून दिलं होतं तेवढंच. कडेकडेने बोट फिरवलं. नाक, गाल, दुसरा गाल, ओठ. कुठेच वारा नाही. मशीनचा स्वतःचा आवाज इतका हळू आहे हे मला तोपर्यंत माहीतच नव्हतं. दोन मिनिटं मी नुसता ऐकत पडलो. पुढचं मला आठवत नाही.

जाग आली तेव्हा ऊन खिडकीच्या दुसऱ्या बाजूला गेलं होतं. डोकं स्वच्छ होतं. हातपाय हलके, डोळ्यांत चुरचूर नाही, तोंड कोरडं नाही. लहानपणी उन्हाळ्याच्या सुट्टीत उठल्यावर वाटायचं तसं वाटत होतं. मी मास्क काढला आणि मान वळवली तर बाबा खुर्चीत बसलेले. खुर्ची त्यांनी हॉलमधून आणली असावी. काळा चष्मा मांडीवर होता आणि ते माझ्या तोंडाकडे बघत होते, सकाळपासून बघितलं नव्हतं तसं, सावकाश, कपाळापासून हनुवटीपर्यंत.

‘असा दिसशीन तर तू,’ ते म्हणाले. ‘मी गेल्यावर.’

मी उठून बसलो.

‘बरा दिसतो,’ ते म्हणाले. ‘मले उगाच वाटे, लय केविलवाणा दिसशीन.’

ऑपरेशन झालेल्या डोळ्यातून पाणी येत होतं, ते त्यांनी रुमालाने टिपलं. मला रडू फुटलं. ‘थकलोय’ म्हणून तोंड फिरवावं असं सवयीने वाटलं, पण झोप पुरी झाली होती आणि ते खरं नव्हतं. मी त्यांच्यासमोर तसाच बसून राहिलो, आणि त्यांना बघू दिलं.